सुटा भाग नेमका कधी खपला म्हणायचा?

कारखान्यातल्या एका सुट्या भागाचे सिस्टीममध्ये १,८४० नग शिल्लक दिसतात आणि बिनमध्ये मोजले तर ३१२ निघतात. असा फरक सापडला की बहुतेक ठिकाणी मोजलेला आकडा सिस्टीममध्ये भरतात, फरक 'स्टॉक ॲडजस्टमेंट'मध्ये टाकतात आणि लाइन पुढे चालू करतात. त्या दिवसापुरता हिशोब जुळतो. पण १,५२८ नग कुठे, कधी आणि कशामुळे गेले हे सांगणारी एकुलती एक खूण त्या नोंदीने पुसली जाते, आणि पुढच्या महिन्यात तोच भाग पुन्हा तितकाच कमी पडतो.

एकच प्लांट असेल तर हे कसंबसं निभतं. अमुक क्लिप नेहमी कमी पडते, दोन पेट्या जास्तीच्या ठेवायच्या, हे स्टोअरवाल्यांना तोंडपाठ असतं. तीन-चार प्लांट झाले आणि खरेदी एका जागेवरून व्हायला लागली की ही तोंडी माहिती तिथवर पोचत नाही. नियोजन करणाऱ्यांना स्क्रीनवर दुसऱ्या प्लांटमध्ये ३,००० नग दिसतात. ते नवी ऑर्डर थांबवून तिथला माल उचलायला सांगतात. गाडी जाऊन लागते तेव्हा तिथे ९०० नग असतात, कारण उरलेले २,१०० केव्हाच मालात बसून गेलेत, फक्त वजा व्हायचे राहिलेत. आता दोन्ही प्लांट अडकले.

याच्या मुळाशी एक प्रश्न असतो जो कुणी ठरवलेलाच नसतो: भाग 'खपला' असं नेमकं कुठल्या क्षणी धरायचं? सॉफ्टवेअर निवडण्याआधी, बारकोडचे प्रिंटर घेण्याआधी हा प्रश्न प्रत्येक भागापुरता सोडवायला हवा. आणि एकच भाग जितक्या प्लांटमध्ये वापरला जातो तितक्या सगळ्यांत त्याचं उत्तर एकच हवं, याबद्दल मी आग्रही आहे. एका प्लांटने स्टोअरच्या दारात खप धरला आणि दुसऱ्याने पॅकिंगनंतर, तर दोघांच्या शिलकीची बेरीज ही कशाचीच बेरीज नसते.

कुठला क्षण निवडायचा

शक्यता चारच आहेत. माल स्टोअरमधून बाहेर पडला की खपला. भाग स्टेशनवर प्रत्यक्ष बसला की खपला. एखादा टप्पा पूर्ण झाल्याची नोंद झाली की बीओएमप्रमाणे (एका नगाला कुठले भाग किती लागतात त्या यादीप्रमाणे) आपोआप वजा, म्हणजे टप्प्यावरचा बॅकफ्लश. किंवा तयार माल पॅक झाल्यावर सगळे भाग एकदम वजा, म्हणजे शेवटचा बॅकफ्लश.

पहिला प्रकार स्टोअरला सोयीचा वाटतो, कारण इश्यू स्लिप फाडली की त्यांची जबाबदारी संपली. पण लाइनवर पडलेला माल मग हिशोबाबाहेर जातो. लाइनजवळच्या रॅकवर चार दिवसांचा माल साठतो, सिस्टीमला तो दिसत नाही, आणि त्याच भागाची नवी मागणी निघते. म्हणून स्टोअर ते लाइन ही हालचाल म्हणजे खप नव्हे, ती फक्त जागा बदलणं आहे. सॅप या ईआरपीमध्ये, म्हणजे साठा, खरेदी, उत्पादन यांचा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, या दोन गोष्टींचे क्रमांकच वेगळे आहेत: एकाच प्लांटमध्ये एका साठवण-जागेतून दुसरीकडे हलवायला ३११, आणि प्रॉडक्शन ऑर्डरवर खप टाकायला २६१. ईआरपीनेक्स्ट या दुसऱ्या ईआरपीमध्ये माल आधी डब्ल्यूआयपी (चालू कामाच्या) वेअरहाउसमध्ये हलवायचा आणि तिथून उत्पादनाच्या नोंदीने वजा करायचा, अशी सोय आहे. तिथे बॅकफ्लश बीओएमप्रमाणे करायचा की लाइनवर हलवलेल्या मालाप्रमाणे, हा पर्यायही निवडावा लागतो. दोन प्लांटच्या स्वतंत्र सिस्टीममध्ये हा पर्याय वेगवेगळा निवडला गेला असेल तर त्यांचे खपाचे आकडे शेजारी मांडण्यात काही अर्थ नाही. हे पहिल्याच दिवशी तपासा.

शेवटचा बॅकफ्लश सगळ्यांत स्वस्त. एकच स्कॅन, सगळे भाग वजा. लाइन छोटी असेल, रिजेक्शन जवळपास नसेल आणि माल सकाळी चढून दुपारी उतरत असेल तर तो चालतो. नसेल तर काय होतं ते एका आकड्यात बघू.

सहा स्टेशनची लाइन आहे. शिफ्टमध्ये ४९२ नग चढले. त्यातले १२ चौथ्या स्टेशनच्या तपासणीत बाद झाले, ४८० पॅक झाले. दुसऱ्या स्टेशनवर प्रत्येक नगाला २ ब्रॅकेट लागतात, सहाव्यावर १ कव्हर. प्रत्यक्षात ब्रॅकेट गेले ९८४ आणि कव्हर ४८०. चांगल्या नगांवर बॅकफ्लश लावला तर ब्रॅकेट वजा झाले ९६०, म्हणजे २४ कमी. बरं, एकूण चढलेल्या नगांवर लावू म्हटलं तर ब्रॅकेट जुळतात, पण कव्हर ४९२ वजा होतात, म्हणजे १२ जास्त. दोन्हीपैकी एकही पर्याय बरोबर येत नाही, कारण बाद नग लाइनच्या मध्यावर थांबला आणि हिशोब मात्र टोकाला होतोय. महिन्याला ७५ शिफ्ट धरल्या तर पहिल्या पद्धतीत १,८०० ब्रॅकेट फक्त सिस्टीममध्ये उरतात.

उपाय म्हणजे लाइनवर मोजणीचे दोन-तीन टप्पे ठरवायचे आणि प्रत्येक भाग बीओएममध्ये त्याच्या टप्प्याला बांधायचा. प्रत्येक स्टेशनवर कन्फर्मेशन नको. सहा स्टेशनला सहा स्कॅन ठेवले की पंधरा दिवसांत लोक शिफ्ट संपताना सगळे एकदम मारायला लागतात, आणि मग वेळेची माहिती खोटी होते. जिथे रिजेक्शन निघतं त्या तपासणीच्या लगेच पुढे एक टप्पा, आणि पॅकिंगला एक. वरच्या उदाहरणात चौथ्या स्टेशननंतर एक टप्पा ठेवला की ४८० चांगले आणि १२ बाद अशी नोंद होते, पहिल्या चार स्टेशनचे भाग ४९२ वर वजा होतात, पाच-सहाचे ४८० वर.

बसवण्याच्या क्षणी स्कॅन ही पद्धत मोजक्या भागांसाठी राखून ठेवा: सिरियल नंबर असलेले, महाग, किंवा पुढे तक्रार आली तर कुठल्या लॉटमधला भाग कुठल्या नगात बसला हे सांगावं लागणारे. मोटर, कंट्रोल बोर्ड, बॅटरी, सुरक्षेशी संबंधित भाग. आणि दुसऱ्या टोकाला स्क्रू, वॉशर, केबल टाय, टेप, ग्रीस. यांचा नगागणिक हिशोब ठेवायच्या भानगडीत पडू नये. दोन बिन ठेवायचे, एक रिकामा झाला की तो परत पाठवायचा, भरलेला लाइनवर येतो, आणि बिन स्टोअरमधून निघताना पूर्ण खर्चात टाकायचा. मात्र हा निर्णय भागाच्या मास्टरमध्येच, म्हणजे सिस्टीममधल्या त्याच्या मूळ माहितीतच, नोंदलेला हवा. नाहीतर एका प्लांटमध्ये वॉशर खर्चात जातो, दुसऱ्यात बॅकफ्लश होतो, आणि तिसऱ्यात दोन्ही होतं. तिसऱ्या प्लांटची शिल्लक मग उणे दिसायला लागते आणि कारण सापडत नाही.

बीओएममध्ये लपलेल्या चुका

बॅकफ्लश जितका बीओएम खरा तितकाच खरा. डिझाइनवाल्यांचा बीओएम सांगतो की नगात काय आहे. कारखान्याला हवं असतं ते नग करताना काय जातं. या दोन्हींमधलं अंतर भरायला लोक टक्केवारीत वेस्टेज टाकतात, आणि अनेक प्लांट असले की हीच टक्केवारी घात करते.

क्रिम्प टर्मिनलचं (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्यांचं) रीळ घ्या, ४,००० नगांचं. प्रत्येक सेटअपला पट्टी ॲप्लिकेटरमध्ये (टर्मिनल दाबणाऱ्या साच्यात) ओवताना समजा ३ टर्मिनल जातात आणि क्रिम्पची उंची व ओढून बघण्याच्या चाचणीला ५. एकूण ८. ज्या प्लांटमध्ये २०० च्या बॅच चालतात तिथे हे ४ टक्के झाले. जिथे २,००० च्या बॅच चालतात तिथे ०.४ टक्के. दोन्हीकडे बीओएममध्ये १ टक्का वेस्टेज लावलं असेल तर पहिल्या प्लांटला दर बॅचला ६ टर्मिनल कमी पडतात आणि दुसऱ्याला १२ जास्त दिसतात. लोक मग पहिल्या प्लांटच्या ऑपरेटरना हात सैल आहे म्हणून बोल लावतात. काम दोघांचं सारखंच आहे. इथे टक्केवारी काढून 'दर सेटअपला ८ नग' अशी ठराविक संख्या टाकायला हवी. बहुतेक ईआरपीमध्ये बीओएमच्या ओळीवर ठराविक संख्येचा पर्याय असतो, सॅपमध्येही आहे. ऑर्डर जितक्या वेळा थांबून पुन्हा सुरू होते तितके सेटअप नोंदले गेले की हा हिशोब जुळायला लागतो.

मापाचं एकक ही दुसरी जागा. पत्रा किलोत विकत घेतात, नगात कापतात, बीओएममध्ये पुन्हा किलोत लिहितात. १,२५० बाय २,५०० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा ७.८५ घनतेने ४९.०६ किलो भरतो. हाच पत्रा प्रत्यक्षात १.९२ मिलिमीटर जाडीचा आला, जे बऱ्याचदा सहनमर्यादेच्या आतच असतं, तर त्याचं वजन ४७.१ किलो. आवक काट्यावर मोजून ४७.१ ने झाली आणि खप बीओएमच्या ४९.०६ ने वजा झाला, तर दर पत्र्यामागे १.९६ किलोची तूट कागदावर जन्माला येते. शंभर पत्र्यांना १९६ किलो. कोणी काही चोरलेलं नाही, काही वाया गेलेलं नाही. पत्रा साठ्यात नगाने ठेवा, वजन फक्त बिलापुरतं आणि भंगारापुरतं वापरा. कापून उरलेला वापरण्याजोगा तुकडा असेल तर त्याला वेगळा कोड देऊन साठ्यात परत घ्या, नाहीतर त्या तुकड्यातून निघालेले नग फुकटात तयार झाल्यासारखे दिसतात.

वायर मीटरमध्ये आणि बीओएम मिलिमीटरमध्ये, रंग लिटरमध्ये आणि आवक किलोत, अशा जोड्यांचं रूपांतर प्रत्येक प्लांटने आपापलं टाकलेलं असतं. एकाच भागाची सगळ्या प्लांटमधली रूपांतराची ओळ एका तक्त्यात शेजारी मांडून बघा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्यातून निघणाऱ्या चुका मोठ्या असतात.

पर्यायी भागांबद्दल कडक राहायला हवं. ठरलेला कपॅसिटर संपला म्हणून दुसऱ्या कंपनीचा लावला, तर ऑर्डरवरच्या बीओएममध्ये त्याच वेळी बदल व्हायला हवा. न केल्यास बॅकफ्लश जुनाच कोड खातो. तसंच भागाची नवी आवृत्ती कुठल्या तारखेपासून लागू, ही तारीख प्लांटप्रमाणे वेगळी असू शकते, कारण जुना साठा प्रत्येकाकडे वेगळा उरलेला असतो. एकच तारीख सगळ्यांवर लादली की ज्याच्याकडे जुना माल शिल्लक आहे त्याचे आकडे त्या दिवसापासून बिघडतात.

दोन प्लांटमधला रस्ता

एका प्लांटमधून दुसऱ्यात माल पाठवताना दोन नोंदी हव्यात, निघाल्याची एक आणि पोचल्याची एक. सॅपमध्ये ३०३ टाकलं की माल पाठवणाऱ्याच्या साठ्यातून निघून घेणाऱ्याच्या नावावर वाटेतला साठा म्हणून दिसतो, आणि ३०५ झाल्यावरच तो वापरता येतो. ३०१ हे काम एका पायरीत उरकतं. दोन प्लांट एकाच कुंपणात असतील तरच ३०१ वापरा. गाडी रस्त्यावर असताना माल पोचल्याचं दाखवलं की तिकडची लाइन त्याच्या भरवशावर ऑर्डर सोडते.

पाठवले २,००० आणि मिळाले १,९६०, तर घेणाऱ्याने १,९६० च उतरवायचे. ४० वाटेतल्या साठ्यात उघडे राहू द्यायचे. जोवर दोन्ही बाजू कारण ठरवत नाहीत तोवर ते बंद करू नयेत. चलनावर २,००० आहेत म्हणून २,००० उतरवून नंतर ४० स्वतःच्या मोजणीत तूट दाखवणं ही सगळ्यांत वाईट सवय. त्याने पाठवणाऱ्याच्या चुकीचं पाप घेणाऱ्याच्या लाइनवर येतं. वाटेतला साठा सात दिवसांपेक्षा जुना झाला की त्याची यादी दोन्ही स्टोअरला आपोआप जावी, एवढी सोय पुरते.

बाहेर कामाला दिलेल्या मालालाही हाच नियम. तो माल आपलाच, फक्त दुसऱ्याच्या जागेत. प्रक्रिया होऊन परत आलेल्या नगांवरून तिथला खप वजा होतो, आणि तिथली शिल्लकही मोजावी लागते.

तारखेचा घोळ इथेच सुरू होतो. तिसरी शिफ्ट मध्यरात्र ओलांडते. रात्री २ वाजता झालेला खप कुठल्या दिवसाचा? उत्तर कुठलंही चालेल, पण सगळ्या प्लांटमध्ये तेच हवं, आणि मोजणीचा दिवसही त्याच घड्याळाने संपायला हवा. प्रत्येक नोंदीत दोन वेळा ठेवा: घटना घडली ती वेळ आणि नोंद सिस्टीममध्ये शिरली ती वेळ. या दोन्हींतलं अंतर हा माझ्या मते सगळ्यांत उपयोगी आकडा आहे. ते एखाद्या स्टेशनवर रोज सहा तासांचं असेल तर तिथली दिवसाची शिल्लक बघूच नका, आधी तिथला स्कॅनर लोकांच्या हाताजवळ आणा.

नोंद कशी लिहायची

साठा हा आकडा कुठे साठवायचा नसतो, तो नोंदींच्या बेरजेतून निघायला हवा. एका नोंदीत भागाचा कोड, प्लांट, जागा, अधिक-उणे संख्या, एकक, लॉट, ऑर्डर, टप्पा, कारण, दोन वेळा आणि करणारं माणूस किंवा यंत्र. चुकलेली नोंद खोडायची नाही, उलट नोंद टाकून रद्द करायची. सॅपमध्ये २६१ ला २६२ आहे ते यासाठीच.

नेटवर्क जाणार हे धरूनच चाला. स्कॅनरने नोंद आधी स्वतःजवळ ठेवावी आणि नेटवर्क आलं की पाठवावी. पण उत्तर यायच्या आत नेट गेलं तर स्कॅनर तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि खप दुप्पट होतो. म्हणून प्रत्येक नोंदीला स्कॅनरवरच एक अनन्य क्रमांक द्या आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने गप्प दुर्लक्ष करावं. शिवाय प्लांटमागे एक ओळीतला क्रमांक ठेवा. मुख्य कार्यालयात १०४५१, १०४५२, १०४५४ आले की १०४५३ वाटेत हरवली हे मोजणीची वाट न बघता कळतं. प्लांटच्या नोंदी फक्त त्या प्लांटने लिहाव्यात. मुख्य कार्यालयाने वाचाव्यात, दुरुस्त करू नयेत.

लेबलवर नुसता भागाचा कोड पुरत नाही, त्या पेटीचा किंवा रिळाचा स्वतःचा क्रमांक हवा. नेहमीची चूक अशी: ४,००० चं रीळ लाइनवर गेलं, १,३०० वापरले, उरलेलं परत आलं, स्टोअरने तेच जुनं लेबल स्कॅन केलं आणि ४,००० परत जमा झाले. रीळ उघडताना जुन्या लेबलवर आडवी रेघ मारायची आणि परत येताना उरलेल्या संख्येचं नवं लेबल लावायचं. रेघ असलेलं लेबल स्टोअरने घ्यायचंच नाही.

उणे शिल्लक होऊ द्यायची की अडवायची यावर मतभेद आहेत. माझ्या मते स्टोअरमध्ये अडवा, लाइनवरच्या जागेत होऊ द्या. लाइनवर अडवलं की माल तर बनलेला असतो, पण नोंद होत नाही, आणि सुपरवायझर शेजारच्या कोडवर खप टाकून मोकळे होतात. त्यापेक्षा –३६ दिसलेलं बरं, ते निदान खरं बोलतं: आवक नोंदायची राहिली आहे किंवा बीओएम जास्त खातोय. सॅपमध्ये उणे शिल्लक बंद असेल तर फसलेले बॅकफ्लश कोगी नावाच्या यादीत साचतात. ही यादी रोज रिकामी झालीच पाहिजे. त्यात अडकलेला प्रत्येक खप म्हणजे साठ्यात नसलेला माल असल्याचं दाखवणं, आणि एमआरपी (मालाची गरज काढून ऑर्डर सुचवणारा सिस्टीमचा हिशोब) त्या मालावर विसंबून चुकू शकतो.

मोजणी आणि फरक वाचणं

खरा खप काढायचं सूत्र सोपं आहे: सुरुवातीची शिल्लक, अधिक आत आलेला माल, वजा बाहेर गेलेला, वजा शेवटची शिल्लक. हा आकडा बीओएमने काढलेल्या खपाशी ताडायचा. चुकतं ते शेवटच्या शिलकीत, कारण लाइनवर अर्धवट असलेले नग कुणी मोजत नाही. मोजणीच्या टप्प्याआधी ४० नग लाइनवर असतील आणि प्रत्येकात २ ब्रॅकेट बसलेले असतील तर ८० ब्रॅकेट सिस्टीममध्ये अजून शिलकीत आहेत, बिनमध्ये नाहीत. अर्धवट नग स्टेशनप्रमाणे मोजा आणि बीओएमने उलगडून त्यातले भाग शिलकीत धरा. मोजणी शिफ्ट बदलताना, लाइन थांबलेली असताना.

छोटे भाग वजनावर मोजताना नमुना मोठा घ्या. २ ग्रॅमचा स्क्रू आणि १ ग्रॅमपर्यंतच वाचणारा काटा. १० स्क्रूंचा नमुना २० ग्रॅम भरतो, काट्याची चूक अर्ध्या ग्रॅमची, म्हणजे २.५ टक्के. २,००० स्क्रूंवर ५० नगांचा फरक. १०० स्क्रूंचा नमुना घेतला की तोच फरक ५ वर येतो. आणि बिनचं वजन प्रत्येक बिनवर लिहा. सारखे दिसणारे बिन सारख्या वजनाचे नसतात.

फरक सापडला की ॲडजस्ट करण्याआधी तो वाचा. आकड्याचा आकारच बऱ्याचदा कारण सांगतो. एका भागात २४० कमी आणि दुसऱ्यात २४० जास्त असेल तर पर्यायी भाग लावून बीओएम तसाच ठेवला गेला आहे. एका प्लांटमध्ये कमी आणि दुसऱ्यात तेवढेच जास्त, तर ट्रान्सफरची एक बाजू राहिली. फरकाला उत्पादनाने भागून पूर्णांक आला तर बीओएममधली संख्याच चुकीची. सेटअपच्या संख्येने भागून दरवेळी तोच आकडा आला तर सेटअपचं वेस्टेज. फरक नेमका ५०० किंवा ४,००० असा पेटीच्या मापाचा असेल तर एक पेटी दोनदा स्कॅन झाली किंवा एकदाही नाही. दहा, शंभर, हजार पटीत असेल तर एकक. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल तर हाताने भरताना दोन अंकांची अदलाबदल झाली का ते बघा: ५४० च्या जागी ४५० लिहिलं की फरक ९० पडतो. हे हमखास लक्षण नाही, पण स्लिप शोधायला दिशा देतं. आणि उत्पादन बंद असलेल्या आठवड्यातही फरक वाढत असेल तर लाइनवर शोधू नका. नमुन्यासाठी, दुरुस्तीसाठी, विक्रीपश्चात सेवेसाठी कुणीतरी स्लिपशिवाय माल नेतंय.

हे वाचता यायचं तर फरक बारीक हवा. महिन्याने एकदा मोजलं की चार कारणं एकाच आकड्यात मिसळतात आणि वरची एकही खूण उरत नाही. म्हणून महाग आणि लाइन थांबवणारे भाग दर आठवड्याला मोजा, मधले महिन्याला, बाकीचे तिमाहीत. कारणांची यादी सात-आठांवर जाऊ देऊ नका आणि तिच्यात 'इतर' ठेवू नका. ती ओळ असली की दोन महिन्यांत बहुतेक नोंदी तिथेच जातात.

सुरुवात सगळ्या प्लांटमध्ये एकदम करू नये. किमान दोन प्लांटमध्ये वापरले जाणारे २० भाग निवडा. प्रत्येकासाठी खपाचा क्षण, टप्पा, एकक, सेटअपचं वेस्टेज आणि पर्यायी कोड एका कागदावर लिहा, आणि दोन्ही प्लांटच्या स्टोअर व प्रॉडक्शनच्या लोकांनी त्यावर सही करावी. चार आठवडे त्या २० भागांची दर आठवड्याला मोजणी करा, ॲडजस्टमेंट आठवड्याच्या शेवटपर्यंत रोखून ठेवा. पाचव्या आठवड्यात ज्या भागांचा फरक दोन्हीकडे सलग दोनदा ०.५ टक्क्याच्या आत आला ते यादीतून काढून पुढचे घ्या. जे आले नाहीत ते पुढच्या यादीतही पहिले ठेवा.